२०० मीटर म्हणजे किती? छोट्या घड्याळकारांच्या डायव्हर घड्याळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नगर जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर मधे अख्खा सह्याद्री आडवा येतो. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत आहे. टँकर, चारा छावणी आणि आवर्तन हे इथल्या बातम्यांतले नेहमीचे शब्द. अशा ठिकाणी बसून समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी घडवलेल्या मनगटी घड्याळांवर प्रस्तावना लिहायची, तर कुणी म्हणेल, हौसेला मोल नसते. हौस आहेच, ती नाकारून उपयोग नाही. पण या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मला आधी समुद्राकडे न्यायचे नाही. राहुरी किंवा संगमनेर भागातल्या उसाच्या फडाकडे न्यायचे आहे, तेही रात्री.

शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने मिळते. रात्रपाळी लागली की पायात गमबूट घालायचे, हातात बॅटरी घ्यायची आणि दारे धरायला निघायचे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचे अगदी सुरुवातीचे प्रकल्प याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला झाले. तरीही रात्रीचे पाणी संपलेले नाही आणि उसातला बिबट्याही गेलेला नाही. दारे धरणाऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले असतात. त्या हातांनी मोबाइल काढता येत नाही, आणि काढला तर त्याच्या उजेडाने डोळे दिपून पुढची दोन मिनिटे सरी दिसत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. घड्याळात पाणी जाऊ नये, अंधारात काटे दिसावेत, आणि हा वाफा भरायला घेऊन किती वेळ झाला ते आकडेमोड न करता कळावे. डायव्हर घड्याळाची व्याख्या करणारे आंतरराष्ट्रीय मानक उघडले, तर त्यातल्या मुख्य अटी नेमक्या याच निघतात. समुद्र तिथे निमित्ताला आहे.

पाणी आणि वेळ यांचे नाते आपल्याकडे जुने आहे, पण ते उलटे होते. घटिकापात्र, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यावर सोडले की हळूहळू भरे आणि बुडे. ते बुडाले की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्राच्या अशा ६० घटका. लग्नाचा मुहूर्त साधायला ही वाटी गेल्या शतकापर्यंत मांडवात असे. पाणी आत आले तरच वेळ कळायची. मनगटी घड्याळाच्या इतिहासाचा मोठा भाग मात्र पाणी बाहेर ठेवण्याच्या खटपटीत गेला आहे.

त्या खटपटीचा पहिला गाजलेला टप्पा १९२६चा. त्या वर्षी रोलेक्सने ऑयस्टर ही बंदिस्त केस आणली. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडीत उडी घेतली, तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात होते. थंडीमुळे तिला पोहणे अर्धवट सोडावे लागले, घड्याळ मात्र चालू राहिले. कंपनीने जाहिरात केली ती घड्याळाची, आणि हा धंद्याचा धडा पुढच्या सगळ्या डायव्हर घड्याळांनी गिरवला. खरे कामाचे रूप आले ते १९५३ साली. ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्तेर स्वतः समुद्रात बुडी मारण्याचा शौक बाळगून होते. बुडीत हवा संपण्याचा प्रसंग त्यांच्यावर एकदा येऊन गेला होता. फ्रेंच नौदलाच्या बुडी पथकातले मालुबिए आणि रिफो हे दोन अधिकारी असेच घड्याळ शोधत होते. यातून ‘फिफ्टी फॅदम्स’ तयार झाले. फॅदम म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, सहा फूट. आपल्या विहिरी ज्या ‘परस’ या मापाने मोजल्या जात त्याच कुळातले हे माप. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे सबमरीनर त्याच सुमाराचे. काळी तबकडी, ठसठशीत चमकते आकडे आणि काचेभोवती फिरणारे कडे हा आजवर टिकलेला चेहरा या दोन घड्याळांनी ठरवून टाकला.

त्या फिरत्या कड्यापाशी, म्हणजे बेझलपाशी, थोडे थांबतो, कारण नवखा माणूस त्याला शोभेचे समजतो. बेझलवर ६० मिनिटांच्या खुणा असतात आणि शून्याच्या जागी एक चमकता त्रिकोण. बुडी मारताना तो त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा बेझलवरच्या ज्या आकड्यापाशी असेल तितकी मिनिटे झाली. हे कडे एकाच दिशेने, डावीकडे, फिरते. पाण्याखाली ते कशाला घासून सरकलेच तर झालेला वेळ असेल त्यापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी हे आधी ठरवून ठेवणारी इतकी साधी रचना मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात फारशी आढळलेली नाही. उसाच्या बांधावरही हिशेब तोच. बेझल चुकून सरकले तर दार थोडे आधी मोडले जाईल, एवढेच. ठिबकवाल्यांना, आणि तासाच्या पुढे पाणी चालवणाऱ्यांना, ६० मिनिटांचे बेझल अपुरे पडते. त्यांनी १२ तासांच्या खुणा असलेले बेझल बघावे.

आता शीर्षकातला प्रश्न. तबकडीवर ‘२०० मी.’ लिहिलेले असते आणि विकणारा सांगतो की हे २०० मीटर खोल जाते. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २०० मीटर म्हणजे सुमारे २० बार. हा आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे. घड्याळ यंत्रात ठेवतात, दाब चढवतात, ठरावीक वेळ ठेवतात आणि काढतात. २०० मीटरवर माणूस साध्या हवेच्या टाकीवर जातच नाही. हौशी डायव्हिंगची सर्वसाधारण मर्यादा ४० मीटर आहे, आणि तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे पर्यटक स्कूबा करतात ते त्याहून कितीतरी वर असतात. आपल्या भागातले उदाहरण घ्या. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण ८२ मीटर उंच आहे. जलाशय काठोकाठ भरला आणि तुमचे घड्याळ दोरीला बांधून भिंतीच्या पायथ्याशी सोडले, तरी त्यावर पाण्याचा दाब जेमतेम ८ बार येईल. साठ फुटांची तुडुंब भरलेली विहीर तर दोन बारच्याही आत. तेव्हा २०० मीटर हा आकडा प्रत्यक्षात गाठायच्या खोलीचा नाही. तो राखून ठेवलेल्या ताकदीचा आहे. ती ताकद राबते भलत्याच ठिकाणी. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर तासभर तापलेले घड्याळ गार विहिरीत उडी मारल्यावर एका क्षणात थंड होते, सांध्यांतले पाणी अडवणारे रबर आक्रसते, आतली हवा आक्रसते, आणि पाणी आत ओढले जाण्याची खरी संधी तेव्हा असते. घड्याळे खोलीने क्वचित मरतात. तापमानाचा फरक, साबण, फवारणीचे औषध, आणि दहा वर्षे न बदललेली रबरी रिंग, बहुतेकदा मारेकरी यांच्यापैकीच कुणी असतो.

म्हणून मानकाला किंमत आहे. आयएसओ ६४२५ हे डायव्हर घड्याळांचे मानक १९८२ साली आले आणि २०१८ साली त्याची अलीकडची सुधारित आवृत्ती निघाली. किमान १०० मीटर क्षमता, लिहिलेल्या क्षमतेच्या सव्वापट दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ आणि बेझल वाचता येणे, मिठाच्या पाण्यात २४ तास, चुंबकत्व, धक्का, हे सगळे त्यात आहे. सर्वांत मोठी अट मात्र अशी की चाचणी प्रत्येक घड्याळाची व्हायला हवी. शंभरातून पाच उचलून भागत नाही. साध्या जलरोधक घड्याळांचे मानक वेगळे आहे आणि तिथे नमुन्यादाखल तपासणी चालते. छोटे घड्याळकार बहुधा आयएसओचे नाव घेत नाहीत, कारण त्याचा खर्च त्यांना झेपत नाही. ते ‘२०० मी.’ एवढेच लिहितात. यात लबाडी असतेच असे नाही. पण प्रश्न विचारायचा तो इथे. प्रत्येक नग दाबाखाली तपासला का? कोरड्या यंत्रात की पाण्यात? किती बारवर? चांगला घड्याळकार याचे उत्तर एका ओळीत देतो. जो उत्तराऐवजी साहसाच्या गोष्टी सांगू लागतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

या मानकातली एक चाचणी घरी करता येते. घड्याळ अंगाच्या उबेपेक्षा किंचित जास्त, ४० ते ४५ अंशांपर्यंत, गरम करायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात ओट्यावर ठेवले तरी पुरते. मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचे आणि फडक्याने पुसायचे. काचेच्या आतल्या बाजूने बाष्प धरले तर आत ओल आहे. धुके नसेल तर या मोसमापुरते ठीक. काचेवर तो थेंब बघत बसलेल्या माणसाला घड्याळाच्या अंतरंगाबद्दल जे कळते, ते दहा छायाचित्रांतून कळत नाही.

पाणी थोपवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अचूकतेचा. मागचे झाकण, काच आणि चावी ही तीनही दारे इतक्या बारकाईने घडवायची की रबरी रिंग नेमकी दाबली जाईल. रोलेक्स आणि बाकीचे स्विस या वाटेने गेले. दुसरा मार्ग सोव्हिएत रशियाने काढला. चिस्तोपोल गावातल्या वोस्तोक कारखान्याला १९६०च्या दशकात २०० मीटरचे घड्याळ हवे होते. स्विस पेटंटे वाटेत होती आणि तितक्या बारीक कातकामाची यंत्रे हाताशी नव्हती. मिखाईल नोविकोव आणि वेरा बेलोवा या अभियंत्यांनी १९६७च्या ‘अँफिबिया’त दाबाशी भांडायचे सोडून दाबालाच कामाला लावले. मागचे झाकण सपाट चकतीचे आणि वेगळे. ते फिरत नाही, वरून दुसरी आटे असलेली रिंग त्याला धरते. त्यामुळे घट्ट करताना रबर पिळले जात नाही. बाहेर पाण्याचा दाब जितका वाढतो तितकी चकती रुंद रबरावर जास्त बसते. काच जाड ॲक्रिलिकची, ती दाबाने किंचित पसरते आणि आपल्या खाचेत अधिकच रुतते. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण सर्रास फुटबॉल म्हणतो, तो असाच चालतो. मोटर बंद झाली की वरच्या पाण्याचाच भार झाकणी दाबून धरतो आणि पाइप रिकामा होत नाही. वोस्तोक काही छोटा घड्याळकार नव्हे, तो सरकारी कारखाना. पण कमी साधनांत काम कसे उरकावे याचा नमुना म्हणून त्याचे घड्याळ अभ्यासकाच्या टेबलावर असलेच पाहिजे.

मग छोटा घड्याळकार म्हणजे कोण? हा प्रकार आताचा, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला. एक-दोन माणसे, कधी नवरा-बायको, कधी दोन मित्र, घड्याळाचा आराखडा करतात. केस, तबकडी, काटे, बेझल हे सारे चीनमधल्या शेन्झेन आणि आसपासच्या कारखान्यांतून काही शे नगांच्या हिशेबाने करून घेतात. आतले मशीन जपान किंवा स्वित्झर्लंडहून आणतात, जुळणी करवून घेतात, आणि मधला दुकानदार गाळून थेट गिऱ्हाइकाला विकतात. न्यूयॉर्कचे लोरियर हे एका दांपत्याने सुरू केले. त्यांच्या ‘नेपच्यून’ला मुद्दाम जुन्या पद्धतीची ॲक्रिलिक काच आहे. पॅरिसचे बाल्टिक एतिएन मालेक यांनी वडिलांच्या घड्याळसंग्रहाच्या प्रेरणेने काढले आणि लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून उभे केले. त्यांचे ‘ॲक्वास्काफ’ ३९ मिलिमीटरचे, २०० मीटरचे. सिंगापूरचे झेलोस, मिलानचे युनिमॅटिक, लॉस एंजेलिसचे नोडस अशी यादी लांबवता येईल. यांतले कुणीही आपले मशीन स्वतः बनवत नाही, आणि सांगायला लाजतही नाही.

न लाजण्याचा हा गुण मला या क्षेत्राचा गाभा वाटतो. मोठ्या नावाच्या घड्याळात कोणता भाग कुठून आला हे गिऱ्हाइकाला कळू नये अशी व्यवस्था असते. ‘स्विस मेड’ लिहायला एकूण खर्चाचा ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो; उरलेला कुठे होतो, ते तबकडी सांगत नाही. छोट्या घड्याळकाराचे स्वस्त डायव्हर घड्याळ मात्र उघड्या हिशेबाचे असते. मशीन सायकोच्या कुळातले एनएच३५, म्हणजे २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ४१ तास, आणि दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी मुभा. किंवा मियोता ९०१५, जरा पातळ, २८,८०० ठोक्यांचे. जरा वरच्या किमतीत स्विस सेलिटा. काच नीलमणी की खनिज, केसचे पोलाद ३१६एल, चमक सुपर-ल्युमिनोव्हाची की आणखी कशाची. हे सारे कागदावर असते, त्यामुळे एका घड्याळातून अख्खी उद्योगसाखळी वाचता येते. अभ्यासाला सुरुवात करायची तर यापेक्षा चांगला ग्रंथ नाही, आणि तो मनगटावर घालून शेतातही जाता येते.

चमकीबद्दल दोन शब्द. जुन्या घड्याळांत खरे रेडियम असे. तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकी मुली ब्रश ओठांनी टोकदार करत आणि त्यात अनेकींचे प्राण गेले. नंतर ट्रिटियम आले. आता जे असते ते स्ट्राँशियम ॲल्युमिनेटचे, १९९०च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने आणलेले. ते किरणोत्सर्गी नाही, दिवसाचा किंवा बॅटरीचा उजेड पिऊन रात्री सोडते. बाजारात त्याला अजून रेडियमच म्हणतात. स्वस्त घड्याळात याचा थर पातळ असतो आणि मध्यरात्रीपर्यंत मालवतो. घेण्याआधी ते पहाटे चारला वाचता येते का, एवढेच बघावे.

इथे एक कबूल करायला हवे, नाहीतर हा अभ्यास म्हणजे जाहिरात होईल. निव्वळ वापराचा विचार केला तर कॅसिओचे मासा छापलेले क्वार्ट्झ डायव्हर घड्याळ, २०० मीटरचे, छोट्या घड्याळकाराच्या कुठल्याही घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि वेळ जास्त अचूक दाखवते. ज्याला दारेच धरायची आहेत त्याने ते घ्यावे आणि हे पुस्तक मिटावे. सायकोने १९६५ साली जपानचे पहिले डायव्हर घड्याळ केले, १५० मीटरचे. पुढे १९९६चे एसकेएक्स००७ गरिबांचे डायव्हर म्हणून जगभर गाजले आणि २०१९च्या सुमारास बंद झाले. ती रिकामी जागा कितीतरी छोट्यांनी धरली. त्यांच्याकडे जायचे ते अचूकतेसाठी नव्हे. माणसाने केलेली निवड दिसावी म्हणून: हा काटा एवढा रुंद का, चावी चार वाजता का, तारखेची खिडकी का गाळली. याचे उत्तर देणारा माणूस पलीकडे असतो आणि पत्राला उत्तर देतो.

सगळे छोटे घड्याळकार असे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बरेच जण कारखान्याच्या तयार यादीतली केस निवडतात, वर आपले नाव छापतात आणि ‘हेरिटेज’ची कथा जोडतात. सबमरीनरची हुबेहूब नक्कल करून तिला मानवंदना म्हणण्याची रीत तर सर्रास आहे. नक्कल कायद्याच्या कचाट्यात सापडली नाही म्हणून ती निर्मिती होत नाही. माझ्या मते अशा घड्याळांतून शिकायला सर्वांत कमी मिळते, कारण त्यात कुठलीच निवड केलेली नसते. हेलियम झडपेचेही तसेच. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात दिवसचे दिवस दाबाच्या कोठडीत राहणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळात हेलियम शिरते आणि वर येताना ते काच उडवू शकते; त्यासाठी १९६०च्या दशकात ही झडप निघाली. तिथे ती कामाची आहे. २०,००० रुपयांच्या घड्याळावर ती निव्वळ नटवेपणा आहे, शिवाय पाण्याला आणखी एक दार.

भारतात छोटे घड्याळकार आहेत. जयपूर वॉच कंपनी २०१३ची, तबकडीत जुनी नाणी बसवण्यासाठी प्रसिद्ध. बेंगलोर वॉच कंपनी २०१८ची, हवाई दल, क्रिकेट, अंतराळ असे विषय घेणारी. त्यांचे लक्ष तबकडीवरच्या कथेकडे जास्त आहे, आणि बेंगलोरची घड्याळे स्वस्त म्हणता येत नाहीत. परदेशी छोट्या घड्याळकाराकडून मागवायचे तर सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून किमतीचा आकडा चांगलाच फुगतो. हा हिशेब मागवण्याआधी करावा, कुरियरवाला दारात उभा राहिल्यावर नाही.

दुरुस्ती हा या प्रस्तावनेतला मला सर्वांत जवळचा विषय. १९६१ साली बेंगलोरला एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांनी आपल्या तालुक्यातालुक्यांत घड्याळजींची एक पिढी तयार केली. २०१६ साली तो कारभार आटोपला, पण हात शिल्लक आहेत. आता गंमत अशी की मियोता ही सिटिझनचीच शाखा. एचएमटीवर हात बसलेल्या माणसाला मियोताचे मशीन उघडल्यावर परके वाटत नाही. वेळ मागेपुढे करणे, तेल देणे, चावीचा दांडा बदलणे ही कामे तो करतो. एनएच३५ बिघडले तर बहुतेक ठिकाणी पूर्ण मशीनच बदलतात, कारण नवे मशीन दुरुस्तीच्या मजुरीच्या आसपास मिळते. जुन्या घड्याळजीला हे पटत नाही, आणि त्याचे न पटणे मला योग्य वाटते.

त्याच्याकडे सहसा जे नसते ते म्हणजे दाब तपासायचे यंत्र. म्हणून झाकण उघडायला देताना दोन गोष्टी स्वतः बघाव्यात. जुनी रिंग परत बसवू देऊ नये. नवी रिंग आपण सोबत न्यावी, घेतानाच घड्याळकाराकडून दोन-तीन जास्तीच्या मागवून ठेवाव्यात. आणि रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात लावलेला हवा, थपथपीत नको. चावी आट्यांची असते. ती बंद करताना आत दाबून आधी उलट्या दिशेने हळूच फिरवावी. आटा आट्यात पडला की बोटाला बारीकसा टक जाणवतो, मगच सुलट फिरवून घट्ट करावी. तसे न करता जोर लावला तर आटे कापले जातात. मग तबकडीवर २०० मीटर लिहिलेले असले काय आणि २० असले काय, सारखेच.

पुढच्या प्रकरणांत केस, मशीन, चमक, बेझल, दुरुस्ती, किंमत आणि बाजार असा क्रम आहे. वाचकाने तो पाळलाच पाहिजे असे नाही. ज्याच्याकडे घड्याळ आधीच आहे त्याने दुरुस्तीपासून सुरुवात करावी; ज्याने अजून घेतलेले नाही त्याने बाजाराचे प्रकरण शेवटी ठेवावे, नाहीतर पैसे आधी जातात आणि वाचन मागे राहते.

या क्षेत्रात मराठीत करण्यासारखे काम भरपूर आहे. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत फाव्र-ल्युबा आणि वेस्ट एंडसारख्या स्विस घड्याळांचा व्यापार होता. फाव्र-ल्युबाने तर १९६०च्या दशकात खोली मोजणारे यांत्रिक मनगटी घड्याळ, ‘बॅथी’, काढले होते. तीच कंपनी नंतर टायटनकडे आणि २०२३ साली एथॉसकडे आली. आपल्या घरांतून ‘फेवरलुबा’ म्हणून जपलेल्या त्या घड्याळांतली जलरोधक किती, ती कुणी घेतली, कशासाठी वापरली, याची नोंद घड्याळजींच्या दुरुस्तीच्या वह्यांत आहे. गिऱ्हाइकाचे गाव, घड्याळाचा नंबर, ‘पाणी गेले’ असा शेरा, आणि पैसे. दुकाने मुलांच्या हाती जाताना किंवा बंद होताना या वह्या रद्दीत जातात. नेवासा, शेवगाव, कोपरगाव, श्रीरामपूर अशा बाजाराच्या गावांतल्या वाचकांनी आपल्या ओळखीच्या घड्याळजीकडे जाऊन त्या मागाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि ‘पाणी गेले’ हा शेरा कोणत्या महिन्यात जास्त येतो ते मोजावे. माझा अंदाज पावसाळ्याचा नाही. मी एप्रिल-मे म्हणेन, विहिरीत पोरे उतरतात ते महिने.